पाटीवरचे प्रयोजन आणि रोजची विचारणा

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले, की हॅरिस पुलावरून मुळा ओलांडताच दापोडी लागते. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर, लोणावळ्याकडे जाणारा लोहमार्ग, अलीकडे डोक्यावरून धावू लागलेली मेट्रो आणि या सर्वांच्या दाटीत राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा. महामंडळाच्या अशा तीन कार्यशाळा आहेत. दुसरी चिकलठाण्याला व तिसरी नागपूरजवळ हिंगण्याला. चाके, इंजिन आणि सुकाणूचे चक्र एवढाच ऐवज असलेली चेसिस येथे येते. तिच्यावर सांगाडा उभा राहतो, पत्रा चढतो, आसने बसतात, आणि काही दिवसांनी लाल रंगाची गाडी दरवाजाबाहेर पडते. ती पुढे सिरोंचाच्या रस्त्यावर धावणार की मंडणगडच्या घाटात चढणार, हे तिच्या पत्र्याला भोक पाडणाऱ्या कामगाराला ठाऊक नसते. ज्या म्हातारीने त्या गाडीची पहिली पायरी चढायची, ती त्याला कधीच दिसत नाही.

ही म्हातारी त्या कामगाराच्या डोळ्यांपुढे कोणी आणायची, असा प्रश्न मला या रस्त्याने जाता-येता पडतो. पत्रा चांगला बसवण्यासाठी म्हातारी आठवलीच पाहिजे असे नाही. तपासनिसाचा धाकही पुरतो. पण पहिली पायरी गुडघ्यापेक्षा उंच झाली आहे, हे नकाशाप्रमाणे बिनचूक काम करणाऱ्या माणसाला खटकणार नाही. आपण हे कोणासाठी करतो आहोत हे ज्याच्या मनात आहे, त्यालाच ते खटकेल. संघटनेतील नेतृत्वाचे काम काय, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला या पायरीत दिसते.

गेल्या काही वर्षांत ‘प्रयोजन’ या शब्दाला व्यवस्थापनशास्त्रात बरेच दिवस आले आहेत. चाकण, रांजणगाव, तळेगाव येथील कारखान्यांच्या प्रवेशद्वारी काचेच्या चौकटीत इंग्रजीतून ध्येयवाक्ये लावलेली असतात. त्यांच्यापुढून ठेकेदाराच्या गणवेशातील जी तरुण मुले पाळीवर आत जातात, त्यांच्यातील फारच थोड्यांनी ती कधी वाचली असतील. आणि वाचली तरी, ज्या कंपनीच्या हजेरीपटावर आपले नाव नाही तिचे ध्येय आपले कसे, असा प्रश्न त्यांना पडला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. या थट्टेतून आम्हा शिक्षकांनाही वगळू नये. मूल्यांकन समिती येणार म्हणून एका महाविद्यालयात दोन प्राध्यापकांनी एका दुपारी बसून संस्थेचे ध्येय आणि उद्दिष्ट तयार केल्याचे मी पाहिले आहे. ते दोघे कोण, हे विचारू नये. त्यांच्यापैकी एक प्रस्तुत लेखक होता. संस्था त्या वेळी कित्येक वर्षे जुनी होती. तोवर ती उद्दिष्टावाचून कशी चालली, हा प्रश्न समितीनेही विचारला नाही आणि आम्हीही काढला नाही.

विषय मात्र थट्टेचा नाही. चेस्टर बर्नार्ड नावाचे एक गृहस्थ अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांताच्या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांनी १९३८ मध्ये लिहिलेले कार्यकारी प्रमुखाच्या कर्तव्यांवरील पुस्तक आजही या शास्त्रात पायाभूत मानले जाते. कोणत्याही संघटनेला तीन गोष्टी लागतात, असे त्यांचे प्रतिपादन होते: समान प्रयोजन, त्यासाठी झटण्याची माणसांची तयारी, आणि या दोहोंना जोडणारे संदेशवहन. वरवर हे बाळबोध वाटते. परंतु त्यात एक अडचणीची गोष्ट दडलेली आहे. संघटनेचे प्रयोजन हे तिच्यातील प्रत्येक माणसाचे वैयक्तिक प्रयोजन असत नाही; माणूस पोटासाठी येतो. ते प्रयोजन त्याला निदान मान्य व्हावे, त्याचा त्याच्यावर विश्वास बसावा, ही प्रमुखाची जबाबदारी ठरते, आणि ती एकदा पार पाडून संपत नाही. रोज नवी माणसे येतात, जुनी थकतात, परिस्थिती बदलते.

एस.टी.च्या बाबतीत हे प्रयोजन समजावून सांगण्याची एके काळी गरजच नव्हती. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली. त्यापूर्वीची खाजगी वाहतूक म्हणजे गाडी भरेपर्यंत न सुटणे, मनाला येईल ते भाडे आणि फायद्याच्या रस्त्यांवर झुंबड, असा कारभार होता. ठरल्या वेळी, ठरल्या भाड्यात, टपावर न बसता प्रवास करता येतो, हाच मुळी लोकांना एक नवा अनुभव होता. ‘गाव तेथे एस.टी.’ ही घोषणा वाहकाला कोणी प्रशिक्षणवर्गात शिकवली नाही. मुक्कामी गाडी घेऊन तो ज्या गावात जाई, तेथे गाडीच्या येण्याने काय बदलते हे त्याला रात्री देवळाच्या ओसरीवर झोपताना दिसे. सकाळच्या त्याच गाडीने दूध जाई, टपाल जाई, बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात जाई आणि दहावीची मुले परीक्षेला जात. प्रयोजन डोळ्यांसमोर असले, की त्याविषयी बोलावे लागत नाही.

बोलावे लागते ते प्रयोजनात दुफळी पडल्यावर. ही दुफळी आमच्या राज्यात कोणा मंत्र्याने निर्माण केलेली नाही. ती मूळ कायद्यातच आहे. मार्ग परिवहन महामंडळांचा १९५० चा केंद्रीय कायदा अठराव्या कलमात सांगतो, की कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर व सुसूत्र वाहतूकसेवा पुरवणे हे महामंडळाचे सर्वसाधारण कर्तव्य आहे. पुढे बाविसाव्या कलमात तोच कायदा म्हणतो, की महामंडळाने आपला व्यवहार धंद्याच्या तत्त्वांनुसार चालवावा. आणि चौतिसाव्या कलमाने राज्य सरकारला महामंडळास निदेश देण्याचा अधिकार आहे. सेवा पुरेशी हवी, धंदा फायद्याचा हवा, आणि वरून येणारा आदेश तर पाळलाच पाहिजे! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात अद्भुत काही वाटणार नाही. ज्या सेवेचा लाभ तिकीट काढणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही, तिचा खर्च केवळ तिकिटातून निघू शकत नाही. फायद्याच्या मार्गाने तोट्याच्या मार्गाला पोसायचे आणि उरलेले सरकारने भरायचे, हा त्यावरचा सर्वमान्य तोडगा आहे. परंतु हा तोडगा आगारातल्या माणसाला कोणी समजावून सांगितला?

त्याला जे समजते ते वेगळ्या मार्गाने समजते. संघटना आपले प्रयोजन पाटीवर लिहून सांगत नाही, तर रोज संध्याकाळी ती कशाची विचारणा करते यातून सांगते. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद महामंडळाचे आहेच. पण ड्यूटी संपवून वाहक रोकड भरायला खिडकीशी उभा राहतो, तेव्हा त्याला भारमान विचारले जाते आणि दर किलोमीटरला उत्पन्न किती पडले ते पाहिले जाते. एखादा प्रवासी विनातिकीट सापडला तर वाहकावर अहवाल जातो, आणि तो जायलाच हवा. मात्र पाऊस पडत असताना थांब्यावरची सहा मुले मागे राहिली, म्हणून तितक्याच तत्परतेने अहवाल गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. भारमान ही संख्या वाईट नाही. रिकाम्या गाड्या पळवणे ही लोकसेवा नव्हे. पण जी एकच संख्या विचारली जाते ती हळूहळू प्रयोजनाची जागा घेते. मग फलाटावर उभ्या असलेल्या वाहकाच्या दृष्टीने पूर्ण भाड्याचा प्रवासी हा प्रवासी ठरतो आणि पास दाखवणारा विद्यार्थी हा अडथळा.

याच्या उलट उदाहरणही एस.टी.च्याच इतिहासात आहे. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही योजना म्हटली तर अगदी साधी. थांबा नसलेल्या ठिकाणी कोणी हात केला तर साध्या गाडीने थांबावे. त्यात ध्येयवाक्य नाही, शपथ नाही. परंतु चालकाला रस्त्यावर, वरिष्ठांना न विचारता, त्या क्षणी निर्णय घेण्यासाठी त्याहून स्पष्ट सूचना असू शकत नाही. महामंडळ कोणासाठी आहे, हे त्या चार शब्दांत चालकालाही कळते आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतमजुरालाही कळते. नेतृत्वाने केलेले संदेशवहन यशस्वी झाले की नाही, याची माझी कसोटी हीच आहे: साहेब जवळ नसताना त्याचा उपयोग करता येतो का? विद्यार्थ्यांचे मासिक पास आगाराच्या खिडकीवर रांगेत उभे न करता थेट शाळा-महाविद्यालयांत देण्याची मोहीम महामंडळाने २०२४ मध्ये घेतली, तीही याच जातीची होती. एका रांगेचा त्रास वाचला ते तर आहेच. पण पास देणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्ग पाहावा लागला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता सवलतींचे पाहू. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत पूर्वीपासून आहे, आणि ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास फुकट मिळतो. या सवलती योग्य की अयोग्य, हा वाद येथे करावयाचा नाही. गाड्या भरल्या, हे तर कोणीही सांगेल. येथे पाहावयाचे ते एवढेच, की हा निर्णय वाहकापर्यंत कोणत्या भाषेत पोचला. तो परिपत्रकाच्या भाषेत पोचला: अमुक ओळखपत्र पाहावे, तमुक प्रकारचे तिकीट द्यावे, कसूर झाल्यास जबाबदार धरले जाईल. सवलतीच्या प्रत्येक तिकिटामागची उरलेली रक्कम महामंडळाला राज्य सरकारकडून मागता येते, म्हणूनच शून्य किमतीचेही तिकीट फाडावे लागते, हा एक साधा हिशेब आहे. तो ज्याला ठाऊक आहे त्या वाहकाच्या लेखी पंच्याहत्तरीचा म्हातारा हा पूर्ण भाड्याचाच प्रवासी असतो. त्याचे भाडे दुसऱ्या खिशातून येते इतकेच. ज्याला ते ठाऊक नाही त्याच्या लेखी तो फुकट्या. बोलण्याचा सूर, गाडी थांबवण्याची तयारी, पुढचे आसन मोकळे करून देण्याची तसदी हे सगळे या एका माहितीवर अवलंबून असते. आणि ती देण्याला खर्च काहीच नाही. सरकारकडून येणारी रक्कम वेळेवर येते का, हा अर्थात निराळा प्रश्न आहे, आणि वाहक तो विचारील तर त्याचेही उत्तर तयार ठेवावे लागेल. कदाचित म्हणूनच पहिली गोष्ट सांगितली जात नसावी.

हे न सांगितलेले साचत जाते, आणि एखाद्या दिवाळीत बाहेर पडते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी.चा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. महाराष्ट्राच्या इतिहासातील दीर्घ संपांपैकी तो एक. नव्वद हजारांच्या आसपास कर्मचारी असलेली ही संस्था. काही कर्मचाऱ्यांनी त्या काळात आत्महत्या केल्या, हे विसरता येणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली: पहिल्या दहा वर्षांच्या सेवेत असणाऱ्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना ४,०००, त्यापुढच्यांना २,५००. वाढ लहान नव्हती. तरीही संप मिटला नाही, याचे त्या वेळी पुष्कळांना आश्चर्य वाटले. कोणी पुढाऱ्यांना दोष दिला, कोणी वकिलांना, कोणी विरोधी पक्षांना. त्यात तथ्य असेल-नसेल. पण मागणी विलीनीकरणाची होती याकडे जरा बारकाईने पाहावे.

विलीनीकरण म्हणजे आम्हाला राज्य सरकारचे कर्मचारी माना. ही मागणी पगाराची आणि निवृत्तिवेतनाची होतीच, तथापि तिच्या पोटात एक प्रश्न होता, आणि तो सरळसरळ प्रयोजनाचा होता. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट पोचवायला एस.टी. लागली. मुंबईत लोकलगाड्या बंद असताना रुग्णालयांतील व पालिकेतील कर्मचाऱ्यांना कामावर नेण्यासाठी एस.टी. लागली. निवडणूक आली की मतदानयंत्रे न्यायला एस.टी.; आषाढी आली की पंढरपूरला एस.टी. मग आम्ही सरकारचे काम करतो की धंदा करतो? सरकारचे काम करीत असू, तर सरकारचे नोकर का नाही? आणि धंदा करीत असू, तर तोट्यातल्या फेऱ्यांचा दोष आमच्या माथी का? टाळेबंदीच्याच वर्षी पगार महिनोन्महिने रखडले होते, ही आठवणही ताजी होती. कायद्याच्या अठराव्या आणि बाविसाव्या कलमांत जी दुफळी सत्तर वर्षे सुखेनैव नांदत होती, ती त्या दिवाळीत आगाराच्या दारात येऊन बसली. उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचे मत दिले. ७ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या. विलीनीकरण न करण्याचा निर्णय आर्थिक दृष्ट्या मला समजू शकतो. एका महामंडळाला सामावून घेतले की इतर महामंडळांना नाही कसे म्हणणार? परंतु कामगाराने विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते. त्याने विचारले होते, आम्ही कोण? त्याला सांगितले गेले ते एवढेच, की तुम्ही अमुक नाही.

या काळात खेड्यातल्या शाळकरी मुलींचे हाल झाले, हेही नोंदले पाहिजे. प्रयोजनाचे ओझे शेवटी ज्याच्या नावाने ते सांगितले जाते त्याच्यावर पडते. आणि संपकऱ्यांच्या पुढाऱ्यांनीही आपल्या सभांतून प्रवाशाला उद्देशून फार काही सांगितल्याचे आठवत नाही. नेतृत्व म्हणजे केवळ व्यवस्थापनाचे नव्हे. कामगारांच्या नेतृत्वालाही ही कसोटी लावली पाहिजे.

दापोडीहून काही किलोमीटर पुढे गेले की पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना लागतो. परिसरातील माणसे त्याला ‘एच.ए. कंपनी’ म्हणतात. १९५४ मध्ये ही कंपनी नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी या दोघांचे साहाय्य तिला होते. ज्या देशात न्यूमोनियाने आणि प्रसूतीनंतरच्या तापाने माणसे मरत, तेथे प्रतिजैविक औषध स्वस्तात तयार करणे, हे प्रयोजन इतके उघड होते, की बुरशीच्या टाक्या धुणाऱ्या कामगारालाही आपण काय करतो ते घरी सांगता येई. हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध याच कारखान्याच्या संशोधनातून निघाले आणि त्याच्या नावाची सुरुवातच कंपनीच्या नावावरून झाली. पुढे औषधांच्या किमतींवर नियंत्रणे आली, खाजगी कंपन्या आल्या, उदारीकरणानंतर परदेशांतून स्वस्त पेनिसिलिन आले. ज्यासाठी कारखाना काढला ती गोष्ट इतरांकडून अधिक स्वस्तात मिळू लागली. अशा वेळी दोनच मार्ग प्रामाणिक असतात: नवे प्रयोजन शोधून ते कामगारांना सांगणे, किंवा प्रयोजन पूर्ण झाले असे सांगून सन्मानाने आवरते घेणे. एच.ए.त दोन्ही झाले नाही. कंपनी आजारी ठरली, पगार थकत राहिले, आणि २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना वर्तमानपत्रांत मुख्यतः जमिनीच्या संदर्भात येऊ लागला! तेथील जुन्या कामगारांशी बोलताना जाणवते, की पगार थकल्याचे दुःख ते एका वाक्यात सांगतात. कारखाना कशासाठी होता हे सांगताना त्यांना अर्धा तास पुरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. प्रयोजनाने पोट भरत नाही. पगाराऐवजी प्रयोजन वाटणारे नेतृत्व हे लबाडीचे नेतृत्व होय. याबाबत शिक्षकांना कोणी शिकवायला नको. २००० मध्ये आपल्या राज्याने ‘शिक्षण सेवक’ योजना आणली. प्राथमिक शाळेत मानधन महिना ३,००० रुपये, माध्यमिक व उच्च माध्यमिकात त्याहून थोडे अधिक. शिक्षकाला सेवक म्हणण्याने त्याचे प्रयोजन उंचावले आणि वेतन खाली आले. २०२३ मध्ये ही मानधने १६,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वाढली, हे खरे. पण शब्द तोच राहिला. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्यांपुढे ज्ञानदानाच्या पवित्र कार्यावर भाषण करताना प्राचार्यांची नजर कोठे असते, ते पाहण्यासारखे असते. म्हणून प्रयोजनाची भाषा बोलणाऱ्याला आधी एक अट घालावी: देणे असेल ते चुकते करा, मग बोला. मात्र त्याच्या उलट, पगार चुकता केला की प्रयोजन सांगण्याची गरज नाही, असे मानणेही चुकीचे ठरते. २०२१ चा नोव्हेंबर त्याला साक्ष आहे.

दुसरा मुद्दा दिशेचा. आपल्याकडे संदेशवहन म्हणजे वरून खाली येणारा कागद असे गृहीत असते. १९८९ मध्ये पिंपरीच्या टेल्कोत राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला आणि सप्टेंबरात शनिवारवाड्यापुढे कामगार उपोषणाला बसले, तेव्हा पुण्यातील सुशिक्षित समाज चकित झाला होता. सुमंत मुळगावकरांनी झाडे लावून उभा केलेला, प्रशिक्षणशाळेचा, चांगल्या पगाराचा हा कारखाना. तेथे असे का व्हावे? कारणांची चर्चा त्या काळी पुष्कळ झाली व तिची पुनरुक्ती येथे नको. माझा तर्क एवढाच, की उत्तम प्रयोजन असलेली आणि ते उत्तम रीतीने सांगणारी संस्थाही ऐकण्याची सवय गमावू शकते.

एस.टी.त ही वरची वाट कागदोपत्री आहे. गाडीत काही दोष जाणवला तर चालकाने तो लॉगशीटवर लिहावा अशी पद्धत आहे. पण लिहिलेल्या दोषाचे पुढे काय झाले, हे लिहिणाऱ्याला परत कळते का? जुलै २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात छताचा पत्रा उचकटून वाऱ्यावर फडफडत असलेली एस.टी. रस्त्यावरून धावत असल्याचे दृश्य समाजमाध्यमांवर सर्वत्र फिरले आणि त्यानंतर यंत्रणा हलली. ते छत त्या एकाच दिवशी सैल झाले असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. आगारातून विभागाला, विभागातून मुंबईला, तेथून कार्यशाळेला अशी जी वाट आहे, तिच्यापेक्षा कोणा प्रवाशाच्या खिशातील दूरध्वनी जलद ठरला. छताचा तो पत्रा ज्या कोणी बसवला असेल, त्याला ते दृश्य पाहून काय वाटले असेल, असाही विचार मनात येतो.

जून २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी एस.टी.च्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक आहे, हे तिच्यामुळे सर्वांना कळले. आधी त्याच वर्षीच्या जानेवारीत भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. श्वेतपत्रिका काढली हे स्वागतार्ह. सत्य सांगण्यापासूनच विश्वासाला सुरुवात होते. पण तिचा वाचक कोण? विधिमंडळ, पत्रकार, आणि माझ्यासारखे आकडे चाळणारे लोक. तोट्यापैकी किती भाग जाणूनबुजून पत्करलेल्या सेवेचा, किती सरकारी देण्यांच्या विलंबाचा, किती नादुरुस्त गाड्यांचा आणि किती निव्वळ ढिसाळपणाचा, हे सुटेसुटे करून आगारातल्या माणसाच्या भाषेत सांगितल्याशिवाय तो आकडा त्याला फक्त आरोप वाटतो. ‘तुम्ही तोट्यात आहात’ हे वाक्य एखाद्याला वर्षानुवर्षे ऐकवले, तर त्याच्या हातून फायद्याचे काम होईल अशी अपेक्षा कोणत्या मानसशास्त्रात बसते?

महामंडळाची अडीचशेच्या आसपास आगारे आहेत. प्रत्येक आगाराच्या दारात एक काळा फळा असतोच. त्यावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आणखी चार ओळी लिहाव्यात, अशी माझी साधी सूचना आहे. या महिन्यात आपल्या आगाराने किती विद्यार्थी शाळेत पोचवले. सवलतीच्या तिकिटांपोटी सरकारकडून आपल्या नावे किती रक्कम निघते व त्यापैकी किती आली. तोट्यातल्या कोणत्या फेऱ्या आपण जाणीवपूर्वक चालवतो आणि कोणत्या गावांसाठी. आणि चालकांनी नोंदवलेल्या दोषांपैकी किती दूर झाले. चौथी ओळ लिहिताना आगार व्यवस्थापकाचा हात थोडा अडखळेल. दापोडीच्या कार्यशाळेपुरती एक पाचवी ओळही सुचवतो: मागच्या वर्षी येथून निघालेल्या गाड्या आज कोणत्या आगारांत आहेत, आणि तेथल्या चालक-वाहकांचे त्यांच्याविषयी काय म्हणणे आहे. वर्षातून एकदा दहा-वीस कामगारांना अशा एखाद्या गाडीतून तिच्या शेवटच्या गावापर्यंत पाठवले, मुक्कामी ठेवले आणि पहाटेच्या फेरीने परत आणले, तर खर्च डिझेलाचाही येणार नाही. गाडी तशीही जाणारच असते. १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी मुद्दाम पुणे-अहमदनगर हाच जुना मार्ग निवडण्यात आला होता, म्हणजे पहिल्या गाडीची आठवण मुंबईच्या मुख्यालयात शाबूत आहे. ती आगाराच्या फळ्यापर्यंत आणायला कोणत्याही कायद्यात दुरुस्ती लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. विभाग नियंत्रकाच्या सहीचे एक परिपत्रक पुरेल. मात्र ते लिहिताना शेवटचे ‘कसूर झाल्यास’ हे वाक्य तेवढे गाळावे.